हुशार मूल सापडले, पण पुढे काय? जळगाव-धुळ्यातल्या प्रज्ञावंत मुलांचा प्रश्न

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता पुन्हा बदलली आहे. चौथी आणि सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला नेण्यात आली होती. ती परत चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला.

वरवर पाहता हा वेळापत्रकातला फेरफार वाटतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांसाठी मात्र त्यात बरेच काही आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. परीक्षा पाचवीला गेली, तेव्हा मुलाला पहिलीपासून ओळखणारे गुरुजी किंवा बाई या वाटेवरून बाजूला झाले. मूल शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत गेलेले, तिथले शिक्षक त्याला नुकतेच पाहू लागलेले, आणि काही महिन्यांत परीक्षा. अशा वेळी ‘या पोराला फॉर्म भरायला लावा’ असे घरी येऊन सांगणारे कोणी उरत नाही.

यातून एक साधी गोष्ट कळते. हुशार मुलाला आधी हेरते ते त्याला रोज पाहणारे माणूस. परीक्षा नंतर येते. आणि परीक्षा झाल्यावर काय, हा त्याहून मोठा प्रश्न तर अजून नीट विचारलाही गेलेला नाही.

खान्देशातली दोन उदाहरणे

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरात त्याला माया मिळाली आणि कवितेची जाण असलेली माणसेही मिळाली. १९१८ मध्ये भादली रेल्वे स्थानकाजवळ अपघातात ते गेले, तेव्हा वय अवघे २७ होते. पण तोवर मराठी कवितेत त्यांची जागा पक्की झाली होती.

त्यांच्याआधी दहा वर्षे, १८८० मध्ये, जळगावजवळच्या आसोद्यात बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचत गेलेली गाणी घरातल्या मुलांनी लिहून ठेवली. १९५१ मध्ये त्या वारल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

प्रतिभा दोघांकडेही होती. एकाला ती वेळेवर ओळखणारी सभा आणि सांभाळणारे घर मिळाले. दुसरीची ओळख जगाला तिच्या मृत्यूनंतर झाली. आजच्या मुलांबाबतही प्रश्न हाच आहे: कोणाला सभा मिळते आणि कोणाची वही कोनाड्यात राहते?

‘हुशार’ आणि ‘प्रज्ञावंत’ यांत फरक काय?

वर्गात पहिले येणारे मूल हुशार असते, यात शंका नाही. पण प्रज्ञावंत मूल पहिले येईलच असे नाही. बुद्धिमत्ता चाचण्यांच्या भाषेत १३० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यांक असलेली मुले या गटात धरली जातात. असे मूल साधारण पन्नासात एक असते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये यापेक्षा व्यापक मांडणी केली. सरासरीहून वरची क्षमता, कल्पकता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा दिसते, असे ते म्हणतात.

वर्गात ही मुले काही खुणांवरून ओळखू येतात. एकदा सांगितलेले पुन्हा सांगावे लागत नाही. ‘का’ आणि ‘असे नसते तर’ हे प्रश्न संपत नाहीत. गणिताचे उत्तर येते, पण पायऱ्या लिहायचा कंटाळा असतो. आपल्याहून मोठ्या मुलांशी किंवा थेट आजोबांशी गप्पा रंगतात. एखाद्या विषयाचे, मग तो रेल्वेचा असो, साप असोत की ट्रॅक्टरचे इंजिन, वेड लागते.

दुसऱ्या बाजूने हेच मूल सरावाच्या वेळी खिडकीबाहेर पाहते, चुळबुळ करते, शिक्षकांची चूक सर्वांसमोर दाखवते, नको म्हटलेले करते. म्हणून त्याला ‘आगाऊ’ किंवा ‘खोडकर’ हे शिक्के आधी बसतात.

सध्या सोय काय आहे?

जळगाव-धुळ्यातल्या मुलांसाठी आज जे काही आहे, ते जवळपास सगळे निवड परीक्षांच्या रूपात आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. गुणवत्ता यादीत आलेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. देशभरातल्या एक लाख शिष्यवृत्त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात. दहावीच्या पातळीवर १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र २०२१ नंतर थांबली आहे.

तिसरी वाट निवासी शाळांची. १९६० च्या दशकात राज्याने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने काढली, त्यातले एक धुळ्याला होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जवाहर नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. जळगाव जिल्ह्याचे नवोदय भुसावळला आहे. पाचवीतल्या मुलांची दोन तासांची, ८० प्रश्नांची परीक्षा होते. सहावीच्या एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखीव. परीक्षेची संधी आयुष्यात एकदाच मिळते.

ही वाट किती बदल घडवू शकते, याचे ठळक उदाहरण याच भागातले आहे. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड यांच्या जन्माआधीच वडील वारले होते. आई मोहाची दारू विकून घर चालवत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत असताना शिक्षकांनी त्यांची बुद्धी ओळखली आणि या मुलाला चांगल्या शाळेत पाठवा, असे आईला सांगितले. मुलगा दीडशे किलोमीटरवरच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या नवोदयमध्ये गेला. पुढे मुंबईत एमबीबीएस आणि मग भारतीय प्रशासकीय सेवा. २०१३ च्या तुकडीचे हे अधिकारी नंदुरबारचे जिल्हाधिकारीही झाले.

या गोष्टीकडे बहुतेक वेळा जिद्दीची कहाणी म्हणून पाहिले जाते. पण त्यात तीन कड्या आहेत. शिक्षकाने हेरले, आईने सोडायची तयारी दाखवली आणि पुढे जायला जागा होती. तीनपैकी एक जरी तुटली असती तरी साखळी तुटली असती. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि नवोदयमध्ये वर्षाला जास्तीत जास्त ८० जागा. म्हणजे एका तालुक्यामागे पाच-सहा. सातव्या मुलासाठी तिसरी कडीच नाही. ते आपल्याच शाळेत राहते आणि तिथे त्याच्यासाठी वेगळे काही होत नाही.

परीक्षेतून कोण निसटते?

परीक्षा निरुपयोगी नाही. पण तिच्या जाळीतून काही मुले नेहमीच निसटतात.

पहिला अडसर भाषेचा. खान्देशात घरची बोली अहिराणी किंवा लेवा, सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर भागात पावरी, भिली, तडवी. घरात ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ म्हणणारे मूल पुस्तकात ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ वाचते. तर्क पक्का असला तरी प्रश्नाचे वाक्यच पहिल्यांदा कळले नाही, तर दोन तासांच्या परीक्षेत ते मागे पडते. कागदावर ते ‘मध्यम’ दिसते.

दुसरा अडसर स्थलांतराचा. कापूस वेचणी आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गावाबाहेर गेलेले मूल फॉर्म भरायच्या वेळी शाळेत नसते.

तिसरा, मुलींचा. नवोदयमध्ये एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. पण दहा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात पाठवायचे की नाही, हा निर्णय गुणांवर होत नाही.

चौथा गट सर्वांत कमी ओळखला जातो. काही मुलांत विलक्षण बुद्धी आणि वाचन-लेखनाची अडचण एकत्र असते. बोलताना ते मूल थक्क करते, वहीत मात्र अक्षर उलटसुलट. अशा मुलाची बुद्धीही ओळखली जात नाही आणि अडचणही.

हे फक्त खेड्यातच घडते असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार प्रज्ञावंत मुले निवडली. त्या निवडीत न बसलेल्या मुलांमध्ये विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून निवडीची एकच दारे ठेवणे धोक्याचे असते.

वर्गात काय करता येईल?

बहुतेक उपायांना पैसा लागत नाही.

पहिला उपाय: आधी तपासा, मग शिकवा. नवा घटक सुरू करण्याआधी त्यातले पाच अवघड प्रश्न द्यावेत. ज्या मुलाला ते आधीच येतात, त्याला त्या घटकाचा सराव माफ करावा आणि तो वेळ दुसऱ्या कामासाठी द्यावा.

दुसरा: काम जास्त नको, खोल हवे. वीस गणिते लवकर सोडवली म्हणून आणखी वीस देणे ही शिक्षा आहे. मूल त्यातून हळू काम करायला शिकते. त्यापेक्षा एकच प्रश्न वाढवत न्यावा. रावेर-यावलच्या मुलाला केळीची बाग पाठ असते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर साधारण १,७४२ झाडे बसतात, सहा बाय पाचवर १,४५२. वर्गाचे गणित इथे संपते. पुढचे प्रश्न त्या एका मुलासाठी: प्रत्यक्षात झाडे कमी का भरतात? दोन झाडांत किमान पाच फूट ठेवून ओळी एकाआड एक सरकवल्या, तर जास्त झाडे बसतील का? किती? चौथी-पाचवीतले मूल कागदावर ठिपके काढून आठवडाभर यात रमू शकते. उत्तर ‘हो, साधारण पंधरा टक्के जास्त’ असे आहे, पण तिथवर पोचण्याची वाट महत्त्वाची.

तिसरा: वरच्या वर्गात बसू द्या. दोन शिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकाच खोलीत बसतात. ही अडचण म्हणूनच सांगितली जाते. पण तिसरीतले चलाख मूल चौथीचे गणित ऐकत ऐकत शिकते, हा प्रत्येक गुरुजींचा अनुभव आहे. हेच ठरवून करता येते. हजेरीपटावर मूल तिसरीतच राहील, फक्त गणिताच्या तासाला पाचवीत बसेल. मुलाला त्याच्या वेगाने पुढे जाऊ दिल्याने अभ्यासात फायदा होतो आणि मनावर वाईट परिणाम होण्याची भीती बहुतांशी निराधार आहे, असा निष्कर्ष आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये निघालेल्या अहवालात मांडला गेला होता.

चौथा: त्याला कायमचा मॉनिटर किंवा छोटा शिक्षक करू नये. इतरांना शिकवण्यात त्यालाही आनंद आहे, पण रोज तेच केले तर त्याचे स्वतःचे शिकणे थांबते.

पाचवा: नोंद ठेवा. मूल पाचवीत दुसऱ्या शाळेत जाते, तेव्हा दाखल्यावर जन्मतारीख जाते. त्याने विचारलेले प्रश्न, त्याचे वेड, त्याने केलेली खटपट यांची दोन पानेही सोबत गेली, तर नव्या शिक्षकांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

घरी काय करावे?

मूल हुशार आहे हे कळले की अनेक घरांत दोन गोष्टी होतात. एकतर सहावीपासून ‘फाउंडेशन’च्या क्लासचा शोध सुरू होतो, नाहीतर पाहुण्यांसमोर पाढे म्हणून दाखवण्याचा कार्यक्रम. दोन्हींत मुलाच्या कुतूहलाला जागा कमीच.

कौतुक कसे करावे यालाही महत्त्व आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपे काम निवडले, कारण चुकले तर हुशारीवरच डाग. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड कामाला भिडली. प्रज्ञावंत मुलाला लहानपणी सगळे सहज येते. त्यामुळे अडखळायचे कसे, हे ते शिकतच नाही. मग अकरावीत किंवा इंजिनीअरिंगला पहिल्यांदा अवघड गेले की कोसळते. लहानपणीच त्याला न जमणारे काही हाती द्यावे: बुद्धिबळ, तबला, कुस्ती, नवी भाषा.

आईवडील शिकलेले नसतील तर? उत्तर देता आलेच पाहिजे असे नाही. ‘मला माहीत नाही, चल कोणाला तरी विचारू’ हे वाक्य पुरते. विचारायला गावात माणसे असतात: कृषी सहायक, पंप दुरुस्त करणारा, बँकेतले साहेब, आजीच्या ओव्या.

आणखी एक गोष्ट. बुद्धीने बारा वर्षांचे असलेले मूल भावनेने आठच वर्षांचे असते. ते हरल्यावर रडेल, अंधाराला भिईल, भावाशी भांडेल. ‘एवढा हुशार आणि असा वागतोस?’ हे वाक्य त्याला एकटे पाडते. भावंडांशी तुलना तर दोघांनाही जखमी करते.

मागे राहिलेल्या मुलांचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. २०२१ पासून ‘निपुण भारत’ अभियानाखाली शाळांचा भर प्रत्येक मुलाला वाचता यावे, साधे गणित यावे यावर आहे, आणि तो असायलाच हवा. शिवाय ‘प्रज्ञावंत’ हा शिक्का शहरातल्या, इंग्रजी माध्यमातल्या, पैसे भरून तयारी केलेल्या मुलांनीच पटकावण्याची भीतीही खरी आहे.

पण म्हणूनच हे काम गावातल्या शाळेत व्हायला हवे. शहरातल्या हुशार मुलाला पुस्तके, क्लास, इंटरनेट असे इतर मार्ग सापडतात. पुण्यात १९६२ पासून काम करणाऱ्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था आहेत. शिरपूरच्या पाड्यावरच्या मुलीला शाळा हा एकच मार्ग आहे. तिथे तिचे कोणी ऐकले नाही तर दुसरीकडे कुठेच ऐकले जाणार नाही.

जिल्ह्याने काय करावे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुण असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर विषयांची मंडळे काढण्याची सूचना आहे: गणित मंडळ, विज्ञान मंडळ, बुद्धिबळ मंडळ, काव्य मंडळ. बीएडमध्ये या मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास ठेवण्याचाही उल्लेख आहे.

यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख आहेत. शनिवारी दप्तराविना शिकण्यासाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. महिन्यातल्या एका शनिवारी केंद्रातल्या सगळ्या शाळांतली चार-पाच मुले एकत्र बसली, तरी गणित मंडळ तयार होते. त्यात कोणी यायचे हे गुणांवर नव्हे, शिक्षकांच्या नोंदीवर आणि मुलाच्या इच्छेवर ठरावे. अहिराणीत किंवा पावरीत उत्तर द्यायची मुभा असावी. मार्गदर्शनाला जळगावचे विद्यापीठ, मूळजी जेठा महाविद्यालय, अमळनेरचे प्रताप महाविद्यालय इथले विद्यार्थी येऊ शकतात. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांतून पुस्तकांच्या पेट्या फिरू शकतात. शिक्षकांना तयार करण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत.

अशा मंडळाचा सर्वांत मोठा फायदा अभ्यासातला नाही. आपल्या गावात ‘विचित्र’ ठरलेल्या मुलाला तिथे आपल्यासारखे दुसरे मूल भेटते.

शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला आल्याने गावातले गुरुजी आणि बाई पुन्हा साखळीत आले आहेत. ही चांगली सुरुवात आहे. पण निकालाच्या दिवशी फलकावर नाव लागले आणि पेढे वाटले की काम संपत नाही. फलकावर नाव आलेले मूल आणि दोन गुणांनी राहिलेले मूल, दोघेही सोमवारी त्याच वर्गात येतात. त्या सोमवारी त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न तयार आहे का, यावर पुढचे ठरते.